बिनीचा शिलेदार

(आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपपुढे बोललो होतो, ते एका मित्राने रेकॉर्ड करून उतरवलं. मी वाचून थोडं नीट केलंय, भाषा बोलण्याचीच ठेवलीय.)

नावापासून सुरुवात करतो, कारण नावातच घोळ होतो. ज्या सायकलपटूबद्दल बोलणार आहे त्याचं नाव बिनिआम गिरमाय. टीव्हीवरचे कॉमेंटेटर त्याला गिरमाय, गिरमाय म्हणतात, आणि गिरमाय हे त्याच्या वडिलांचं नाव आहे. आफ्रिकेतल्या त्याच्या देशात, इरिट्रियात, आडनाव नसतं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं, म्हणून पूर्ण नाव बिनिआम गिरमाय हैलू. आपल्या शाळेच्या दाखल्यावर असतं तसंच, फक्त शेवटी आडनाव येत नाही. म्हणजे २०२४ ला इटलीतल्या तूरिनला तो जिंकला तेव्हा अख्खा युरोप त्याच्या वडिलांचं नाव घेऊन ओरडत होता, आणि वडील कोण, तर अस्मारा शहरातले सुतारकाम करणारे गृहस्थ. मला हे फार आवडतं.

आणि सगळे त्याला लाडाने बिनी म्हणतात. आता मराठी माणसाला बिनी म्हटलं की काय आठवतं? बिनीचे शिलेदार. फौजेच्या सगळ्यात पुढे चालणारी तुकडी म्हणजे बिनी. त्यांच्या तिग्रिन्या भाषेचा आणि आपला काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे, पण मला तो शब्द डोक्यातून काढता येत नाही, कारण सायकलिंगमध्ये पुढे असणं म्हणजे काय हे तुम्हाला सगळ्यांना मांड्यांमधून माहितीय. पुढचा वारा खातो आणि मागच्यांचं फावतं. सासवडच्या रोडला समोरून वारा असताना एकटं चालवून बघा आणि मग कुणाच्या तरी मागच्या चाकाला चिकटून बघा, त्याच स्पीडला श्वास निम्मा लागतो.

तर मुद्दा असा की २०२४ साली हा बिनी टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या शर्यतीत तीन स्टेज, म्हणजे तीन दिवसांचे टप्पे, जिंकला, पॉइंटची हिरवी जर्सी घेऊन घरी गेला, आणि आपल्याकडे व्हॉट्सअपवर काय फिरलं? "गरीब आफ्रिकन देशातला मुलगा, निसर्गाने दिलेली फुफ्फुसं, चमत्कार." मला त्या चमत्कार शब्दाचा राग येतो, खरंच येतो. चमत्कार म्हटलं की त्याच्या आधी जे वारा खात गेले त्यांना आपण पुसून टाकतो.

थोडं मागे जाऊ. इरिट्रिया तांबड्या समुद्राच्या काठावर आहे आणि त्याची राजधानी अस्मारा वर पठारावर, साधारण २३०० मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर अजून साडेसहाशे-सातशे मीटर चढा आणि तिथे एक अख्खं शहर आहे असं समजा. तिथून खाली मस्सावा बंदरापर्यंत रस्ता जातो, एकशे दहा-पंधरा किलोमीटरचा, वळणावळणाचा, समुद्रसपाटीपर्यंत घसरत जाणारा. घाट चढणाऱ्या माणसाला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

हा देश १८९० पासून इटलीची वसाहत होता. सायकल इटालियन लोकांनी आणली, शर्यतीही त्यांनीच आणल्या, आणि शर्यतीत उतरायचा हक्क मात्र स्वतःकडेच ठेवला. त्यांचे क्लब वेगळे, स्थानिक माणसाने त्यांच्याबरोबर स्टार्ट लाइनवर उभं राहायचं नाही. मग १९३९ साली एकदा दोघांची एकत्र शर्यत लावली, गोरा माणूस श्रेष्ठ आहे हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करायला, आणि ती जिंकली गेब्रेमरियम गेब्रू या इरिट्रियन माणसाने. या एका शर्यतीची गोष्ट तिथे अजून सांगतात. १९४६ मध्ये त्यांची स्वतःची देशभराची शर्यत, जिरो दी इरिट्रिया, सुरू झाली, मग ती बंद पडली, पुढे इथिओपियाशी तीस वर्षं स्वातंत्र्याची लढाई, १९९१ ला देश सुटला, १९९३ ला रीतसर स्वतंत्र झाला आणि २००१ मध्ये ती शर्यत पुन्हा सुरू केली. सायकल मधल्या सगळ्या काळात टिकली. पेट्रोलची टंचाई, गाड्या कमी, माणसं कामाला सायकलवर, आणि सुट्टीच्या दिवशी शहरातले रस्ते बंद करून शर्यत, दोन्ही बाजूंना आजीपासून नातवापर्यंत गर्दी. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट असतं तसं तिथे सायकल आहे. तेव्हा २ एप्रिल २००० ला अस्मारात जन्मलेल्या मुलाने सायकलवर बसणं यात चमत्कार काही नाही, बसला नसता तर नवल.

मग ऐंशी वर्षं ही माणसं युरोपात का दिसली नाहीत? दम कमी पडला का? अजिबात नाही. कागद कमी पडले. व्हिसा. इरिट्रियाच्या पासपोर्टवर युरोपचा व्हिसा काढणं किती जिकिरीचं आहे हे कुठल्याही इरिट्रियन रायडरला विचारा, शर्यत शनिवारी आणि शिक्का मिळतोय पुढच्या मंगळवारी. त्यात देशातून बाहेर पडायलाच सरकारची परवानगी लागते, राष्ट्रीय सेवेची सक्ती आहे, ती कधी संपेल याचा भरवसा नाही. आणि युरोपात जाऊन करायचं काय, तर अठरा वर्षांच्या पोराने पाऊण हात रुंदीच्या जागेत दीडशे-पावणेदोनशे लोकांच्या घोळक्यात, पावसात, ट्रामच्या रुळांवरून सायकल चालवायची. ते कौशल्य बेल्जियमच्या पोराला दहाव्या वर्षापासून दर आठवड्याला मिळतं. पठारावरच्या पोराला फुफ्फुसं मिळतात, घोळका मिळत नाही. पेलोटॉनमध्ये, म्हणजे त्या घोळक्यात, पन्नासाव्या जागेवरून दहाव्या जागेवर यायला किती ताकद जळते! आपल्यातले काहीजण जानेवारीत पुणे ग्रँड टूर बघायला रस्त्यावर उभे होते, त्यांनी बघितलं असेल, घोळका कसा एका सपाट्यात निघून जातो, आणि हँडलला हँडल किती जवळ असतं. त्या गर्दीत नवख्या माणसाला जागा कोण देणार?

२०१५ ला पहिली मोठी फट पडली. एमटीएन-क्यूबेका नावाची आफ्रिकेत नोंदवलेली टीम पहिल्यांदा टूर द फ्रान्समध्ये आली, आणि तिच्यात दोन इरिट्रियन होते, डॅनियल तेकलेहायमानोत आणि मेरहावी कुदुस. टूरमध्ये उतरलेले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकन. डॅनियलने पहिल्याच आठवड्यात डोंगरांच्या राजाची, म्हणजे चढांवर सगळ्यात जास्त पॉइंट मिळवणाऱ्याची, ती लाल ठिपक्यांची जर्सी घेतली आणि चार दिवस घातली. हा तोच डॅनियल ज्याच्या हृदयावर काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. बिनी तेव्हा पंधरा वर्षांचा. आपल्यातल्या ज्यांनी ८३ चा वर्ल्डकप शाळेत असताना पाहिला त्यांना कळेल पंधराव्या वर्षी असं काही बघितलं की आत काय होतं.

२०१८ ला बिनी स्वित्झर्लंडमधल्या एगल गावी आला, तिथे जागतिक सायकलिंग संघटनेचं ट्रेनिंग सेंटर आहे. त्याच वर्षी रवांडातल्या किगालीत आफ्रिकन चॅम्पियनशिपला ज्युनियर गटात तीन सुवर्णपदकं, आणि बेल्जियममधल्या एका ज्युनियर शर्यतीत एक स्टेज जिंकली, तिथे मागे टाकलेल्यांत रेमको एव्हनपूल होता. हो तोच, पुढे ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्ण जिंकलेला. मग गॅबॉनमधली शर्यत, रवांडाची शर्यत, फ्रान्सच्या एका छोट्या टीमचं कॉन्ट्रॅक्ट. त्या टीमचे पैसे आटत गेले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो बेल्जियमच्या इंटरमार्शे-वाँटी टीममध्ये गेला. ही काही बड्यांची टीम नाही, कमी बजेटवाली. पुढच्याच महिन्यात लुव्हेनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २३ वर्षांखालच्या गटात रौप्य. रस्त्यावरच्या जागतिक स्पर्धेत कृष्णवर्णीय आफ्रिकन माणसाला मिळालेलं पहिलं पदक.

आता २७ मार्च २०२२ कडे येतो, कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठा दिवस तो आहे, टूरपेक्षाही. गेंट-वेवेलगेम नावाची एका दिवसाची शर्यत. अडीचशे किलोमीटर, बेल्जियमचा वारा, मध्ये केमेलबर्ग नावाचा दगडी फरशांचा चढ. फरशी म्हणजे आपल्या देवळाच्या अंगणातली गुळगुळीत फरशी समजू नका, पावाच्या आकाराचे उंचसखल दगड, हात बधिर होतात. असल्या शर्यती बेल्जियन पोरांच्या रक्तात असतात, आणि बिनी तर त्या यादीत आयत्या वेळी आला होता. दोन दिवस आधी दुसऱ्या एका शर्यतीत पाचवा आला म्हणून टीम म्हणाली, ही पण कर. शेवटचे पंचवीसेक किलोमीटर राहिले असताना चौघं सुटले, लापोर्त, स्टायवेन, व्हान गेस्टेल आणि हा. तिघेही त्याच्यापेक्षा अनुभवी, तिथल्या रस्त्यांवर मुरलेले. शेवटच्या किलोमीटरला सगळे एकमेकांकडे बघतायत, कोण आधी सुटतो, कारण जो आधी सुटतो तो बाकीच्यांसाठी वारा खातो आणि शेवटी गिळला जातो. आणि हा लांबूनच सुटला. अडीचशे मीटर आधी. मला बघताना वाटलं, संपलं, घाई केली. लापोर्त मागून बाहेर आला, त्याच्या मागच्या चाकापर्यंत आला, बाजूला येऊ लागला, आणि तिथेच राहिला. दगडी क्लासिक, म्हणजे असल्या फरशांवरची मानाची एकदिवसीय शर्यत, जिंकणारा पहिला आफ्रिकन. वय एकवीस.

आणि आता बघा काय केलं त्याने. पुढच्या रविवारी टूर ऑफ फ्लँडर्स होती, बेल्जियममधली सगळ्यात मोठी शर्यत. सगळं जग म्हणतंय, थांब, ही पण कर, फॉर्म आहे. तो म्हणाला नाही, ठरल्याप्रमाणे घरी जातोय. अस्मारात बायको होती, लहान मुलगी होती, तीन महिने भेट नव्हती. गेला विमानाने घरी. टीमनेही अडवलं नाही याचं मला कौतुक आहे. अस्माराच्या रस्त्यांवर तेव्हा जी गर्दी उसळली तिचे व्हिडिओ आहेत, गाडीत उभा राहून हात हलवतोय, माणसं छपरांवर. आपल्या इथल्या कुठल्याही कोचला विचारा, तो म्हणेल संधी सोडली. मला वाटतं हे त्याच्या करिअरचं गुपित आहे. बेल्जियमच्या रायडरला शर्यत संपली की दीड तासात आईच्या हातचं जेवण मिळतं. याला महिनोन्महिने परक्या गावात, परक्या थंडीत राहायचं, मायदेशी जायचं तर परत येण्याच्या व्हिसाची काळजी. तो थकवा ताकद मोजणाऱ्या पॉवरमीटरवर दिसत नाही, पण पायात उतरतो.

मग मे महिन्यात जिरो दी इटालिया. लक्षात घ्या, इटली. ज्या देशाने त्याच्या पणजोबांच्या पिढीला स्टार्ट लाइनवर उभं राहू दिलं नाही, त्या देशाची सगळ्यात मोठी शर्यत. दहावी स्टेज, पेस्कारा ते येझी, १७ मे. शेवटच्या टप्प्यात छोटे छोटे चढ, स्प्रिंटर, म्हणजे सपाटीवर शेवटी सुसाट सुटणारे गडी, गळाले, टीममधला डोमेनिको पोझोव्हिव्हो, एकोणचाळीस वर्षांचा इटालियन चढवय्या, या बावीस वर्षांच्या पोरासाठी पुढे ओढत होता. शेवटी उरले दोघं, बिनी आणि माथ्यू व्हान देर पूल. व्हान देर पूल म्हणजे त्या काळातला सगळ्यात धडाकेबाज माणूस, जिरोच्या पहिल्या दिवशी त्यानेच बिनीला हरवलं होतं. बिनी आधी सुटला, तो शेजारी आला, दोघं खांद्याला खांदा, आणि मग व्हान देर पूलच्या पायातलं तेल संपलं, तो सीटवर बसला, आणि बसल्या बसल्या त्याने बिनीकडे बघून अंगठा वर केला. हरत असताना, लाइनच्या आधी. तो एक सेकंद मी कितीदा पाहिलाय सांगता येणार नाही. तिन्ही ग्रँड टूरपैकी, म्हणजे इटलीची जिरो, टूर द फ्रान्स आणि स्पेनची व्हुएल्टा, यांच्यापैकी कुठल्याही एकीत स्टेज जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन.

आणि पाऊण तासात हॉस्पिटल. पोडियमवर वाइनची मोठी बाटली देतात, ती त्याने जमिनीवर ठेवून वाकून उघडली, बूच उडालं ते थेट डाव्या डोळ्यात. दुसऱ्या दिवशी शर्यत सोडावी लागली. डोळा वाचला, हे महत्त्वाचं.

२०२३ फार बोलण्यासारखं नाही. फ्लँडर्सला पडला, डोक्याला मार, स्वित्झर्लंडच्या टूरमध्ये एक स्टेज जिंकला, पहिली टूर द फ्रान्स केली, तिथे हाती काही आलं नाही. लोक म्हणायला लागले एका वर्षाचा तारा. २०२४ च्या जिरोत चौथ्याच दिवशी एका स्टेजमध्ये दोनदा पडून घरी.

मग १ जुलै २०२४. सोमवार होता. आमच्या घरी जेवणाची वेळ, आई ताट वाढून हाका मारतेय आणि मी मोबाईल भिंतीला टेकवून बसलोय. टूरची तिसरी स्टेज, पियाचेंझा ते तूरिन, २३० किलोमीटर, त्या वर्षीची सगळ्यात लांब. पुन्हा इटली बघा. शेवटच्या अडीच किलोमीटरमध्ये मोठी पडापड झाली, घोळका फाटला, भलेभले मागे अडकले. पुढे पेडरसन सुटला, गाविरिया दुसऱ्या बाजूने आला, आणि बॅरिकेडच्या कडेला एक फट होती, सायकलचं हँडल आणि वर चार बोटं एवढी. तिथून बिनी आला. त्या फटीत शिरायचं तर पेडल मारणं एक क्षणही थांबवायचं नसतं, थांबलात की दार बंद आणि तुम्ही पत्र्यावर. तो मारत राहिला आणि लाइनवर दोन्ही हात डोक्याला लावले. मी पण लावले. टूर १९०३ पासून आहे. तिथे स्टेज जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन माणूस २०२४ ला सापडला, एकशे एकवीस वर्षं गेली मधे.

मग आठवी स्टेज, कोलोंबे-ले-दे-एग्लीज, शेवटी चढ होता, तिथेही जिंकला. मग बारावी, व्हिलनव्ह-सुर-लो. आता हिरव्या जर्सीचं थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं तीन स्टेज जिंकल्या की ती मिळते. ती पॉइंटची जर्सी आहे. सपाट स्टेज जिंकली की ५० पॉइंट, डोंगराच्या स्टेजला २०, आणि रोज मध्ये कुठेतरी एक स्प्रिंट असतो, पहिल्याला २०. म्हणजे रोज सकाळी उठून कुठल्यातरी अनोळखी गावच्या वेशीवर आठव्या-दहाव्या नंबरसाठीही भांडायचं. आणि मुख्य म्हणजे टूर पूर्ण करायची. स्प्रिंटरचं शरीर जड असतं, आल्प्समध्ये तो मागे राहतो, आणि पहिला माणूस पोचल्यावर ठरावीक वेळेत पोचला नाही तर बाद, पॉइंट कितीही असोत. म्हणून मागचे सगळे एकत्र घोळका करतात आणि घड्याळ बघत चढतात. एरवीचे दुश्मन तिथे एकमेकांना पाणी देतात.

सोळाव्या स्टेजला नीमच्या अलीकडे तो पडला. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये, गोल चौकात. कोपर आणि गुडघा फुटला, टाके घातले, आणि स्टेज नेमकी जिंकली जास्पर फिलिपसनने, म्हणजे ज्याच्याशी जर्सीची लढत होती त्यानेच. फरक ३२ पॉइंटवर आला. आणि पुढे काय उरलेलं? आल्प्स. बोनेतचा घाट, २८०० मीटर. वाकवलं की टाके ओढले जाणार असा गुडघा घेऊन. पेडल मारताना तासाला पाच-सहा हजार वेळा वाकणार तो गुडघा, हिशोब करून बघा. चढला. वेळेत पोचला. पॅरिसमध्ये ऑलिंपिक होतं म्हणून त्या वर्षी टूर नीसला संपली, २१ जुलैला, बिनी ३८७, फिलिपसन ३५४. हिरवी जर्सी घेणारा पहिला आफ्रिकन.

नंतरचं पण सांगायला हवं, कारण आपण जिंकण्यापाशी गोष्ट थांबवतो. २०२५ मध्ये एकही विजय नाही. टूरच्या पहिल्याच दिवशी लीलला दुसरा आला, पुन्हा फिलिपसनच्या मागे. टीमचं दुसऱ्या टीममध्ये विलीनीकरण होत होतं, त्याने २०२६ साठी एनएसएन टीम धरली. त्या सप्टेंबरमध्ये किगालीत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, आफ्रिकेच्या मातीवर पहिल्यांदाच, त्याच गावात जिथे तो ज्युनियर असताना तीन पदकं घेऊन गेला होता. कोर्स मात्र असला चढाचा की पुरुषांच्या शर्यतीत तीसच जण शेवटपर्यंत पोचले. स्प्रिंटरचं ते काम नव्हे. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी पोरं उभी होती, झाडांवर, भिंतींवर, ती मला टीव्हीवर बघताना २०१५ च्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाची आठवण करून देत होती.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवलीय, आपल्याकडचा असा कोणी कधी होईल का? मला विचाराल तर हिशोब अस्माराचा करा. तिथे १९३९ ला गेब्रू होता, नंतर दर रविवारची शर्यत होती, मग डॅनियल, मग बिनी. आपल्याकडे पुण्यात एवढ्या सायकली होत्या, मुंबई-पुणे शर्यत होती, बोरघाट चढणारे गडी होते, त्यांची नावं इथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येतील? त्यांच्यातले काही अजून आहेत. पुढच्या महिन्यात त्यांच्यापैकी कुणाला तरी इथे बोलवू या, मी स्वतः आणायला जातो.

आता त्या कोपऱ्यातला लाईट बंद करा कुणीतरी. तूरिनचे शेवटचे दोन किलोमीटर लावतो. पडापड होईल तिकडे बघू नका, बॅरिकेडच्या कडेला बघत राहा.